उस्मानी बैठक, वऱ्हाडी सागवान

‘ऑटोमन’ म्हणजे बिनपाठीचे, वर गादी ठोकलेले बुटके आसन. फर्निचरवाल्यांच्या तोंडून हा शब्द आपल्याकडे आला. त्याचे मूळ मात्र एका माणसाच्या नावात आहे. तुर्की राज्याचा संस्थापक उस्मान. त्याच्या वंशाचे राज्य ते उस्मानी, आणि युरोपीय जिभेवर त्याचेच झाले ऑटोमन. तुर्की घरांत भिंतीच्या कडेने गाद्या व तक्के मांडून बसत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही बैठक युरोपच्या दिवाणखान्यांत गेली आणि पुढे तिला पाय फुटले.

वऱ्हाडशी उस्मानी घराण्याचे नाते याहून जवळचे आहे. १९२४ साली तुर्कस्तानने खिलाफत मोडून शेवटचे खलिफा अब्दुल मजीद यांना देशाबाहेर काढले. १९३१ साली त्यांची कन्या दुर्रुशेहवार फ्रान्समधील नीस येथे निजाम मीर उस्मान अली यांच्या थोरल्या मुलाशी विवाहबद्ध झाली. १९३६ साली त्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, आणि उस्मानी घराण्याची लेक वऱ्हाडची युवराज्ञी ठरली! किताबच तो. वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांच्या हाती होता आणि १९०२ साली त्याचा कायमचा पट्टाही होऊन गेला होता. आमच्या शेतकऱ्याला या लग्नाचे सोयरसुतक नव्हते.

शेतकऱ्याचा खरा संबंध आला तो टेबलाशी. आपला कारकून जाजमावर मांडी घालून, पुढ्यात उतरती पेटी घेऊन लिही. इंग्रजी कचेरीत साहेब खुर्चीवर, मध्ये टेबल, आणि अर्जदार पलीकडे उभा. त्यात १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतील यादवीने कापसाचे भाव चढवले. अमरावतीचा कापूस परदेशी बाजारात ‘उमरा’ या नावाने ओळखला जाई. १८६७ साली लोहमार्ग अकोला, बडनेरा करीत नागपूरपर्यंत पोचला. कापूस गाठी होऊन मुंबईकडे चालला, आणि दलाल-पेढीवालेही टेबलावर बसू लागले. मला वाटते, तराजूइतकीच धास्ती शेतकऱ्याला या टेबलाचीही असावी.

असे एक जुने सागवानी टेबल मी अकोल्यात जुन्या सामानाच्या दुकानातून घेतले आणि त्याचा ऑटोमन करवला. मेळघाटच्या जंगलांचा शेजार असलेल्या या मुलखात सागवान फेकून देणे मला पाप वाटते. टेबलाची उंची सुमारे तीस इंच. बसायला सोळा-सतरा इंच पुरे. गादीचे तीन-चार इंच त्यातून वजा करावे. टेबल उलटे ठेवून चारही पायांचे माप फळीपासून घ्यावे आणि मगच करवत लावावी. खालून मापल्यास जुनी झीज तशीच राहते व आसन डुगडुगते. खाली भक्कम फळी असल्याने पट्ट्या विणण्याची गरज नसते. फळीवर गोणपाट, त्यावर पिंजलेला कापूस, मधोमध थोडा जास्त, कारण माणूस तिथेच बसतो. मग मांजरपाटाचे अस्तर आणि शेवटी जाड कापड. कापड ताणून आधी चारही बाजूंच्या मध्यावर खिळे ठोकावे, तेथून कोपऱ्यांकडे जावे. कोपऱ्याच्या चुण्या अगदी शेवटी. घाई केली की कापड तिरके बसते, आणि ते मग जन्मभर डोळ्यांत खुपते.

कारागिराने फोम सुचवला होता. मी कापसावर अडून बसलो. कापूस वर्षा-दोन वर्षांत दबतो, हे त्याचे म्हणणे खरे. पण दबलेला कापूस खिळे काढून बाहेर घेता येतो, पिंजाऱ्याकडे नेता येतो आणि फुलवून पुन्हा भरता येतो. अडचण इतकीच, की कमान घेऊन दारावरून जाणारा पिंजारी आता क्वचित दिसतो. अमरावतीला एकाकडे यंत्र आहे असे कळले, तेव्हा कापसाचे गाठोडे बांधून मीच तिकडे गेलो. त्याने मूठभर कापूस चिमटीत धरून ओढून पाहिला आणि विचारले, “घरचा का?”