शिबी राजाचे डोळे

अजिंठ्याची लेणी पाहायला रेल्वेने येणारे बरेच प्रवासी जळगावला उतरतात. तिथून लेणी साधारण ६० किलोमीटर. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगवलेल्या १७ क्रमांकाच्या लेण्यात शिबी जातकाचे चित्र आहे. इंद्र आंधळ्या ब्राह्मणाच्या वेषात येऊन डोळे मागतो आणि राजा ते देतो. कथेतला शिवक वैद्य राजाचे डोळे काढतो, ते ब्राह्मणाच्या खोबणीत बसतात आणि त्याला दिसू लागते.

आज जळगाव-धुळ्यात नेत्रदानाचा अर्ज भरणाऱ्या पुष्कळांच्या मनात हेच चित्र असते. प्रत्यक्षात दान केलेल्या डोळ्यातून दुसऱ्याला बसतो तो कॉर्निआ, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमौत्स गावी एडुआर्ड झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी हे रोपण प्रथम यशस्वी केले. शिबीने दिला तसा आख्खा डोळा बसवण्याची शस्त्रक्रिया मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कला झाली. बसवलेल्या डोळ्यात रक्त खेळत राहिले, पण त्याने दिसले नाही. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत १० लाखांहून अधिक तंतू असतात. ते तुटल्यावर पुन्हा जोडण्याची विद्या अजून साधलेली नाही.

मग ज्याचा कॉर्निआ स्वच्छ आहे पण आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, निकामी झाले आहे त्याने काय करावे? रेटिनायटिस पिगमेंटोसा हा असा आनुवंशिक आजार. आधी रात्रीचे दिसेनासे होते, पुढे नळीतून पाहावे तशी नजर आकसत जाते. त्याच्या काही प्रकारांत जवळच्या नात्यातल्या लग्नामुळे धोका वाढतो, आणि मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे जुनीच. अशा मुलाला नेत्रदानाचा उपयोग नाही, हे आईबापांना पटवणे डॉक्टरांनाही जड जाते.

या रुग्णांसाठी वेगळी वाट निघाली ती विजेची. १७५५ मध्ये फ्रान्समध्ये शार्ल ल रुआ यांनी एका आंधळ्या तरुणाच्या डोक्याभोवती तार गुंडाळून विजेचा झटका दिला. त्याला ज्वाळेसारखा उजेड दिसला. बरे वाटण्याचे नावच नव्हते, पण आंधळ्यालाही विजेने उजेड भासतो हे कळले. १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रॅहॅम टॅसिकर यांनी दृष्टिपटलामागे प्रकाशाला प्रतिसाद देणारा सेलेनियमचा घट बसवण्याचे पेटंट घेतले. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये जाइल्स ब्रिंडली आणि वॉल्पोल ल्युइन यांनी एका अंध बाईच्या मेंदूवर ८० इलेक्ट्रोड बसवल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तिला उजेडाचे ठिपके दिसले.

पुढे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. रेटिनायटिस पिगमेंटोसात प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात, पण त्यांच्या पुढच्या कित्येक चेतापेशी जिवंत राहतात. मग त्यांनाच थेट वीज का देऊ नये? लाहोरला जन्मलेले मार्क हुमायून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत यावर अनेक वर्षे खपून ‘आर्गस-२’ घडवले. चष्म्यातला कॅमेरा दृश्य टिपतो, कमरेचे यंत्र त्याचे संकेत करते आणि दृष्टिपटलावरचे ६० इलेक्ट्रोड ते पेशींना देतात. युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. कुणाला दाराची चौकट ओळखता आली, कुणाला मोठी अक्षरे. माणसाचा चेहरा मात्र ओळखता येत नव्हता.

मग घडले ते या इतिहासातले सर्वांत बोचरे प्रकरण. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी हे यंत्र बसवून घेतले होते. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणे थांबवले. २०२० मध्ये पैशांची चणचण होऊन बहुतेक कर्मचारी घरी गेले. सुटे भाग मिळेनात. यंत्र डोळ्यात तसेच, पण बिघडले तर दाद कुणाकडे मागायची?

संशोधन त्यानंतरही पुढे गेले. डॅनियल पॅलँकर यांच्या कल्पनेवर बेतलेली ‘प्रीमा’ ही २ मिलिमीटरची, ३७८ बिंदूंची चकती दृष्टिपटलाखाली बसते आणि खास चष्म्यातून येणाऱ्या अवरक्त किरणांवरच चालते. तिच्या चाचणीचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. वार्धक्यात दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजलेल्या ३८ जणांना ती बसवली होती. वर्षभरानंतर तपासलेल्या ३२ पैकी २६ जणांची नजर लक्षणीय सुधारली. काहींना अक्षरे, शब्द वाचता आले, तेही रंगांविना.

म्हणून आपल्याकडच्या रुग्णाने अशा यंत्राची बातमी वाचली, तर डॉक्टरांना आधी विचारावे : माझ्या आतल्या चेतापेशी आणि दृष्टिचेता शाबूत आहेत का? काचबिंदूने दृष्टिचेताच मेली असेल, तर दृष्टिपटलावरच्या यंत्राचा उपयोग नाही. दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा : दहा वर्षांनी हे यंत्र कोण दुरुस्त करील? शिबीने एकदा दिलेले डोळे परत मागितले नाहीत. यंत्राने दिलेला उजेड मात्र कंपनीच्या हिशेबाच्या वहीबरोबर मिटू शकतो. तो मिटू नये अशी हमी कायद्याने आणि कराराने आधीच बांधून घेणे, हे काम शस्त्रक्रियेइतकेच मोठे आहे.