मुळशी तालुक्यातील शेती-अवजारे व जलोपसा साधने

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील मुळशी तालुक्यात भातशेतीसाठी व तिच्या पाठोपाठ घेतल्या जाणाऱ्या रब्बी आणि उन्हाळी पिकांसाठी वापरात आलेली अवजारे व पाणी उपसण्याची साधने यांचा इतिहास. तालुक्याचे मुख्य ठिकाण पौड असून ब्रिटिश अमदानीत हा प्रदेश ‘मुळशी पेटा’ या नावाने ओळखला जाई. मुळा व मुठा या नद्या सह्याद्रीच्या पूर्व उतारावर याच भागात उगम पावतात. ताम्हिणीच्या घाटमाथ्यालगत पावसाचे वार्षिक मान काही हजार मिमी. असते, पूर्वेस पुण्याकडे ते झपाट्याने उतरते. जून ते सप्टेंबर या काळात खाचरे पाण्याने भरून वाहतात. मात्र दिवाळीनंतर ओढे आटू लागतात आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीही वाण पडते. या दोन टोकांमुळे येथील शेतकऱ्यापुढे अवजार व यंत्र निवडण्याचा प्रश्न इतर भागांहून निराळ्या स्वरूपात उभा राहिला.

दोन्ही नद्यांवर मोठी धरणे झाली, परंतु ती प्रामुख्याने इतरांच्या गरजेसाठी होती. मुठेवर तालुक्याच्या खालच्या अंगास खडकवासला येथे १८७९ मध्ये धरण पूर्ण झाले व त्याचे कालवे पूर्वेकडे गेले. मुळेवरील धरणाचे पाणी पश्चिमेकडे वळविण्यात आले. कालव्याचे पाणी उताराने वाहते. म्हणून धरणाच्या वरच्या अंगास असलेल्या गावांना ते मिळू शकत नाही. अशा गावांना पाणी हवे असल्यास ते स्वतः उपसावे लागते. कालवा फुटल्यास दुरुस्तीची जबाबदारी शासनाची असते; पंप बुडाल्यास नुकसान शेतकऱ्याचे होते. मुळशीतील जलसिंचनाचा इतिहास हा बव्हंशी या दुसऱ्या प्रकारचा इतिहास आहे.

नांगर : भाताच्या खाचरांत हलका लाकडी नांगर, चिखलणीनंतर जमीन सपाट करण्यासाठी फिरवावयाची फळी, कुदळ, फावडे व विळा ही परंपरागत अवजारे होत. राब भाजून रोपे तयार करणे, चिखलणी करणे व हाताने आवणी करणे हा क्रम दीर्घकाळ टिकून राहिला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ मध्ये बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे आरंभी त्याची विक्री मंदावली होती. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या आश्रयाने किर्लोस्करवाडीची स्थापना झाली व पुढे दख्खनच्या काळ्या जमिनीत हा नांगर सर्वत्र रुजला. मावळपट्ट्यातील भातखाचरांत मात्र त्याला तसे स्थान मिळाले नाही. याचे कारण केवळ अज्ञान असे मानणे योग्य ठरणार नाही. जड नांगरास बैलांच्या अनेक जोड्या लागतात; डोंगरउतारावरील अरुंद खाचरात त्या वळविता येत नाहीत. शिवाय भातजमिनीत काही सेंमी. खोलीवर घट्ट थर तयार झालेला असतो व त्यामुळेच पाणी वर साठून राहते. खोल नांगरटीने हा थर फुटल्यास पाणी झिरपून जाते. जे अवजार सोलापूर-अहमदनगरकडील जमिनीत सुधारणेचे साधन ठरले, तेच येथील खाचरात हानिकारक ठरण्याचा संभव होता.

धरण व सत्याग्रह : मुळशीतील सर्वांत मोठे जलयंत्र शेतीसाठी उभारलेले नव्हते. मुंबईच्या गिरण्या व रेल्वे यांस वीज पुरविण्यासाठी टाटा उद्योगसमूहाने निला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरणाची योजना आखली. पन्नासहून अधिक गावांच्या जमिनी तीत बाधित होणार होत्या आणि त्यांत आंबेमोहर भाताची उत्तम खाचरे होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास प्रारंभ झाला. पां. म. बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्यातून मिळाली. विनायकराव भुस्कुटे हे दुसरे प्रमुख नेते होते. बऱ्याच जमिनींवर पुण्यातील सावकारांचा हक्क वा बोजा होता. त्यांना नुकसानभरपाईत स्वारस्य असल्याने सावकार व कसणारे यांच्यात फूट पडली. १९२४ च्या अखेरीस लढा संपुष्टात आला व १९२७ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. सु. ५०० मी. खाली कोकणात भिरा येथे पाणी पाडून वीज तयार केली जाते. जनित्रांतून बाहेर पडणारे पाणी कुंडलिका नदीत जाते व पुढे डोलवहाळ येथे अडवून रोहा-माणगाव भागातील शेतीस दिले जाते. अशा रीतीने मुळशीच्या पाण्यावर उन्हाळी भात पिकतो, परंतु तो कोकणात. जलाशयाच्या काठी उंचावर वसलेल्या विस्थापितांस मात्र पावसावरच विसंबून राहावे लागले.

मोट ते पंप : पूर्वेकडील तुलनेने सपाट गावांत विहिरीवर मोट चालत असे. धावेवरून बैलजोडी उतरली की नाडा ओढला जाऊन चामड्याची मोट वर येई व सोंदुराने तिची सोंड थारोळ्यात रिती होई. मोटेचे पाणी थोडे, पण तिचे दोन गुण महत्त्वाचे होते : पाणी जितके खाली जाईल तितकी मोट खाली सोडता येई, आणि मोडतोड झाल्यास गावातील चांभार व सुतार ती दुरुस्त करू शकत. तेलावर चालणाऱ्या इंजिनाने ही स्थिती पालटली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना स्थापन झाल्यावर लहान डिझेल इंजिने ग्रामीण भागात पोहोचू लागली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले व १९७२-७३ च्या दुष्काळानंतर राज्यभर विहिरी व विद्युत् पंप यांची संख्या वेगाने वाढली. मुळा व मुठा यांवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळ्याच्या अखेरीस फळ्या बसवून पाणी अडविले जाते. त्या साठ्यातून पंपाने पाणी उपसून गहू, हरभरा, भाजीपाला व ऊस यांस देता येऊ लागले.

पंपाची शक्ती व पिकाचे क्षेत्र यांचा मेळ घालणे ही या टप्प्यावरील मुख्य अडचण होती. ५ अश्वशक्तीचा सर्वसाधारण पंप एकूण २० मी. उंचीवर सेकंदास सु. १० लि. पाणी टाकतो, उंची ४० मी. झाल्यास पाणी जवळजवळ निम्म्यावर येते. एक हेक्टर शेतास ५ सेंमी. पाण्याची एक पाळी देण्यास ५०० घ.मी. पाणी लागते, म्हणजे पहिल्या स्थितीत सु. १४ तास पंप चालला पाहिजे. नदीपासून टेकडीवरील शेतापर्यंतची उंची न मोजता शेजाऱ्याच्या पंपाबरहुकूम पंप घेतल्यास पीक अर्धेच भिजते.

बिघाड व अपघात : नदीकाठच्या पंपाचे मोठे संकट त्याच्या जागेच्या निवडीतच असते. केंद्रोत्सारी पंप पाणी ओढतो, ते वातावरणाच्या दाबाच्या बळावर. समुद्रसपाटीस ही मर्यादा सिद्धांततः १०·३ मी. असून मुळशीच्या सु. ६०० मी. उंचीवर ती सु. ९·६ मी. इतकी भरते, नळातील घर्षण व सांध्यांतील गळती लक्षात घेता प्रत्यक्षात ६ ते ७ मी. पेक्षा अधिक ओढ घेता येत नाही. पुरापासून वाचविण्यासाठी पंप काठावर उंच बसविला, तर उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर तो पाणी सोडून देतो. पाण्याजवळ बसविला, तर पावसाळ्यात बुडतो. धरणातून विसर्ग वाढविताना नदीकाठच्या शेतकऱ्यांनी मोटारी हलवाव्यात, अशी सूचना दिली जाते. परंतु रात्री पाणी वाढल्यास जड मोटार काढण्यास माणसे मिळत नाहीत. पाण्यात बुडून राहणाऱ्या सबमर्सिबल पंपाने ओढीचा प्रश्न सोडविला, मात्र त्याचा बिघाड डोळ्यांस दिसत नाही व दुरुस्तीसाठी संच बाहेर काढून कारागिराकडे न्यावा लागतो.

दुसरा मोठा वर्ग वीजपुरवठ्याशी निगडित आहे. दाब कमी असताना मोटार अधिक प्रवाह घेते, तापते व तिचे वेटोळे जळते. शेतीस वीज ठरावीक तासच व आलटून पालटून रात्रीही मिळू लागल्यावर, वीज येताच पंप आपोआप सुरू करणारे ऑटो स्विच पसरले. वीज येताक्षणी एकाच रोहित्रावरील सर्व पंप एकदम सुरू झाल्याने रोहित्रच जळण्याचे प्रसंग राज्यात सर्वत्र घडले. तीनपैकी दोनच फेजांवर कंडेन्सर जोडून पंप चालविण्याच्या प्रथेने मोटारींचे आयुष्य घटले. योग्य क्षमतेचे धारित्र बसविल्यास दाब सुधारतो. म्हणजे तेच उपकरण वापराच्या रीतीप्रमाणे तारक वा मारक ठरते. वीज अचानक गेल्यास चढत्या नळातील पाणी मागे धावते व त्याच्या आघाताने नळ फुटतो. एकदिशा झडपेचा खर्च वाचविणाऱ्यास बहुधा नळाचा खर्च सोसावा लागतो. ओल्या जमिनीवर, अंधारात, उघड्या तारांजवळ पंप सुरू करताना विजेचा धक्का व सर्पदंश यांनी होणारी प्राणहानी ही या व्यवस्थेची सर्वांत दुःखद बाजू होय.

लहान यंत्रांप्रमाणेच मोठी रचनाही सदोष असू शकते. मुठेवरील टेमघर धरण मुख्यत्वे पुणे शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधण्यात आले. त्याच्या भिंतीतील मोठी गळती २०१६ मध्ये उघडकीस आली व पुढील काळात जलाशय रिकामा करून दुरुस्ती हाती घ्यावी लागली.

यंत्रशक्ती : भातखाचरांसाठी ट्रॅक्टरपेक्षा पॉवर टिलर अधिक अनुकूल ठरला. त्याचे वजन सु. ४०० ते ५०० किग्रॅ. असल्याने तो एका खाचरातून दुसऱ्यात उतरविता येतो. त्याहून कितीतरी जड असलेला ट्रॅक्टर बांध मोडतो, चिखलात रुततो व घट्ट थरास धक्का लावतो; उतरत्या बांधावर तो कलंडण्याचाही धोका असतो. सपाट गावांत मात्र भाड्याचा ट्रॅक्टर सोयीचा पडतो, कारण बैल वर्षभर पोसणे अनेकांस परवडेनासे झाले. लावणीयंत्रास चटईवर वाढविलेली रोपे व मोठी, समपातळीची खाचरे लागतात. आंबेमोहर भात उंच वाढून लोळत असल्याने कापणीयंत्रासही तो सोयीचा नाही. येथे यंत्राची निवड पिकाच्या वाणाशी जोडलेली आहे : सुवासिक वाण राखावयाचा, तर विळा राखावा लागतो. डॉ. ना. कृ. सावंत यांनी पुरस्कारलेल्या चारसूत्री पद्धतीत दोरीच्या साहाय्याने ठरावीक अंतरावर लावणी करून युरिया-डीएपीच्या गोळ्या हाताने खोचल्या जातात. ती भारी यंत्राविना उत्पादन वाढविणारी असल्याने लहान खाचरांस अनुरूप ठरली.

अलीकडील स्थिती : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिंजवडी, पिरंगुट या भागांत उद्योग व वसाहती वाढल्या, मजुरी महागली व पूर्वेकडील बरीच शेतजमीन बिगरशेती झाली. २०१९ पासून केंद्राच्या ‘पीएम-कुसुम’ व २०२४ पासून राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ या योजनांद्वारे सौर पंप उपलब्ध होऊ लागले. सौर पंप दिवसा चालत असल्याने रात्रीच्या फेऱ्या टळतात. परंतु नदीकाठी पट्ट्यांच्या सांगाड्यास पुराचा व वाऱ्याचा विचार करूनच जागा द्यावी लागते. २०२४ मध्ये राज्य शासनाने ७·५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल माफ करण्याची योजना लागू केली. त्यामुळे उपशाचा चालू खर्च घटला. मात्र पंप बुडणे, मोटार जळणे व नळ फुटणे यांचा भार पूर्वीप्रमाणेच शेतकऱ्यावर राहिला. जलाशयाच्या काठावरील गावांना त्यातील पाण्याचा वाटा मिळावा, ही मागणी मुळशीत सत्याग्रहानंतर शंभर वर्षांनीही कायम आहे.