परतीची वाट

मोटारीचे दिवे लख्ख लागावेत, हॉर्न खणखणीत वाजावा, आणि किल्ली फिरवली की पुढून नुसते ‘टक्’ व्हावे! गाडीच्या मालकाला याहून अपमानास्पद आवाज दुसरा नसेल. काही वर्षांपूर्वी इंग्लंडात ताईकडे उतरलो होतो, तेव्हा हा आवाज मी ओळीने तीन सकाळी ऐकला. भाऊजींकडे 1965 सालची एम.जी.बी. आहे, दोन माणसांची, उघड्या टपाची, बुटकी, देखणी गाडी. ताई तिला ‘सवत’ म्हणते. या सवतीचे काम नुकतेच एका गॅरेजात झाले होते. गिअरबॉक्स उतरवून परत चढवला होता, आणि घरी आल्यापासून बाईसाहेब जागच्या हलत नव्हत्या.

“बॅटरी उतरली असेल,” मी म्हटले. यापलीकडे माझे ज्ञान जात नव्हते.

“मग दिवे कसे लागतात?” भाऊजींनी विचारले.

प्रश्न बिनतोड वाटला. तो तसा नव्हता, हे पुढे कळले. पण ते कळण्यासाठी आधी थोडे इतिहासात जावे लागेल.

आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना मोटारीला हँडल मारणे आठवत असेल. समोरच्या भोकात वाकडा लोखंडी दांडा घालायचा, क्लीनरने कंबरेत वाकून तो गरकन् फिरवायचा, आणि मागे सरायचे. तो दांडा धरायचीही एक रीत होती. अंगठा दांड्याला वेढून घ्यायचा नाही, इतर बोटांच्याच बाजूला ठेवायचा. कारण ठिणगी वेळेआधी पडली, तर वर येणारा दट्ट्या मध्येच मागे ढकलला जातो, इंजिन उलटे फिरते आणि दांडा हाताला हिसका देतो. त्या हिसक्याने मनगटे इतकी मोडली, की मनगटाजवळच्या हाडाच्या एका मोडण्याला वैद्यकाच्या पुस्तकांतून आजही ‘शोफरचे फ्रॅक्चर’ म्हणतात.

मनगटावर निभावले ते नशीबवान. अमेरिकेतल्या डेट्रॉईटची एक कथा मोटारीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगतात. बायरन कार्टर हा स्वतः मोटारी बांधणारा गृहस्थ. रस्त्यात एका बाईची गाडी बंद पडलेली पाहून तो मदतीला थांबला, हँडल मारू लागला, आणि उलटलेल्या दांड्याने त्याचा जबडा फोडला. पुढे न्यूमोनिया होऊन 1908 साली तो गेला. तपशिलाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. बाई कोण, गाडी कुठली, असे वाद चालतात. पण कॅडिलॅक कंपनीचा प्रमुख हेन्री लेलंड याला आपल्या या स्नेह्याचा मृत्यू फार लागला आणि हा दांडा मोटारीवरून घालवायचाच असे त्याने मनावर घेतले, असे सांगतात.

काम गेले चार्ल्स केटरिंग नावाच्या तरुण इंजिनियराकडे. विजेच्या मोटरने इंजिन फिरवावे ही कल्पना नवी नव्हती. अडचण अशी, की जाणती माणसे हिशेब करून सांगत, एवढे इंजिन फिरवायला मोटर एवढी मोठी लागेल, बॅटऱ्या इतक्या लागतील, की गाडीत बसायला माणसाला जागा उरणार नाही. केटरिंग मात्र या धंद्यात दुकानाच्या गल्ल्यावरून आला होता. ‘नॅशनल कॅश रजिस्टर’ कंपनीत असताना त्याने गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. तिथे त्याला उमगले होते, की ज्या मोटरला क्षणभरच काम करायचे आहे, तिच्यावर कुवतीच्या कितीतरी पट भार टाकला तरी चालतो. तापून जळायच्या आत ती थांबलेली असते. हमाल कोस न् कोस जे ओझे नेऊ शकणार नाही, ते तो दोन पावले उचलतोच की! डेटन गावच्या एका कोठारात त्याने नि त्याच्या सोबत्यांनी हे यंत्र सिद्ध केले. इंजिन सुरू करताना ते मोटर होई. आणि सुरू झाल्यावर तेच यंत्र वीज निर्माण करून बॅटरी भरू लागे. 1912 सालच्या कॅडिलॅकवर ते आले. फोर्डच्या ‘टी’ गाडीला 1919 पासून ते मिळू लागले. बायका एकट्याने मोटार घेऊन बाहेर पडू लागल्या, त्यात या यंत्राचा वाटा मोठा आहे.

या युक्तीतच आमच्या ‘टक्’चे मूळ आहे. लहान मोटरकडून मोठे काम क्षणात करून घ्यायचे, आणि तेही अवघ्या बारा व्होल्टांवर, म्हणजे प्रवाह प्रचंड हवा. दोन्ही मोठे दिवे मिळून आठ-दहा अँपियर खातात. स्टार्टर दीडशे, प्रसंगी त्याहूनही जास्त मागतो. वाटेतल्या एखाद्या सांध्यावर गंज बसून एका ओहमचा पन्नासावा भाग एवढाच अडथळा झाला आहे असे धरा. दिव्यांना त्याची दादही लागत नाही. त्यांचा व्होल्टाचा पाचवा हिस्सा जेमतेम जातो. स्टार्टरचे मात्र तीन व्होल्ट तिथेच गडप होतात. मोरीच्या तोंडाशी केस अडकले असले, तरी तांब्याभर पाणी निमूट जाते. पण पहिल्या आंघोळीला सगळे घर एकामागून एक उरकू लागले, की पाणी उंबऱ्याबाहेर येते. दिवे लागतात म्हणून सगळे ठीक, हे म्हणणे तांब्यापुरतेच खरे.

एम.जी.बी.मध्ये असे सांधे भरपूर. 1962 साली ही गाडी ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात होऊ लागली आणि 1980 पर्यंत पाच लाखांहून अधिक झाली. बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. सुरुवातीच्या गाड्यांत बारा व्होल्टांची एक बॅटरी नाही, सहा-सहाच्या दोन आहेत. त्याही आसनांच्या मागे, जमिनीखालच्या दोन खणांत, रस्त्याच्या चिखलाच्या शेजारी. दोघींना जोडणारी तार, चार टर्मिनले, त्यांवर शिशाच्या टोप्या नि टोपीला एकेक स्क्रू. शिसे मऊ, स्क्रू ढिला होतो, आत पांढरी भुकटी धरते. शिवाय 1967 पर्यंतच्या या गाड्यांचे अर्थिंगही उलटे, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला. तशाने गंज कमी धरतो, अशी तेव्हाच्या इंग्रज कारखानदारांची समजूत होती. आजचा मिस्त्री सवयीने तारा उलट्या जोडतो आणि डायनामोच्या जिवावर बेतते. या गाड्यांचे विजेचे सामान लुकास कंपनीचे. तिच्या संस्थापकाला थट्टेने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. मला ही थट्टा निम्मीच न्याय्य वाटते. साठ वर्षे पावसात उभ्या राहिलेल्या सांध्याने कुरकुर केली, तर ते कंपनीचे पाप की वयाचे?

भाऊजींनी पहिल्या दिवशी चारी टोप्या काढून घासल्या. ‘टक्’. दुसऱ्या दिवशी स्टार्टर अडकला असेल असे ठरले. या गाडीतला स्टार्टर जुन्या तऱ्हेचा. मोटर झटक्यात फिरली, की तिचे लहान दाती चाक आट्यांवरून सरकत जाऊन इंजिनाच्या मोठ्या चाकात गुंतते. कधी ते तिथेच रुतून बसते. मोटरच्या मागच्या टोकाला यासाठीच चौकोनी दांडी ठेवलेली असते, पान्याने फिरवून सोडवायला. ती मोकळी फिरत होती. पुन्हा ‘टक्’.

तिसऱ्या सकाळी मी बॉनेटपाशी उभा होतो. भाऊजी आत बसून किल्ली जरा जास्त वेळ धरून राहिले, आणि कार्ब्युरेटरजवळून धुराची बारीक रेघ निघाली. चोकची तार तापली होती. जिथे पेट्रोल असते नेमके तिथे!

“भाऊजी, सोडा, सोडा!” मी ओरडलो. ताई भिजवलेले फडके घेऊन धावत आली. त्या सकाळी गाडी विकायची गोष्ट निघाली, आणि ती काही थट्टेत नव्हती.

चहा घेता घेता भाऊजी एकदम गप्प झाले. मग म्हणाले, “चोकच्या तारेत वीज आली कशी? ती तर विजेची नव्हेच.”

त्यांनी व्होल्टमीटर आणला. एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या टर्मिनलाला, दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. चोकची तार सोडवून ठेवली आणि मला क्षणभरच किल्ली फिरवायला सांगितले. तिथे काटा जवळजवळ शून्यावर राहायला हवा. तो दहाच्या पुढे गेला.

मोटारीत वीज स्टार्टरपर्यंत जाडजूड तारेने जाते, पण परत येते ती इंजिनाच्या नि सांगाड्याच्या लोखंडातून. तारेचा खर्च वाचावा म्हणून मोटारवाल्यांनी फार पूर्वीच ही सोय केली. मात्र इंजिन रबरावर बसवलेले असते, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून सांगाडा आणि इंजिन यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याची एक पट्टी लावतात. गॅरेजवाल्यांनी गिअरबॉक्स चढवला, पट्टी लावायची राहिली. वाट बंद झाल्यावर विजेने चोकची बारीक तार धरली. ‘टक्’ करणारा सोलेनॉइड सांगाड्यावर, दिवे सांगाड्यावर. त्यांना काहीच कमी पडले नाही. उपाशी राहिला तो एकटा स्टार्टर.

पट्टी मिळाली गॅरेजने परत दिलेल्या सामानाच्या खोक्यात, जुन्या नटबोल्टांच्या तळाशी. भाऊजींनी दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून लोखंड उघडे केले, पट्टी आवळली, चोकला नवी तार घातली. शेवटी किल्ली ताईच्या हातात दिली.

इंजिन पहिल्या झटक्याला घुमले. ताईने ते तसेच चालू ठेवले, दार उघडून उतरली आणि म्हणाली, “आता बंद तुम्ही करा. मी चहा ठेवते.”