आधी माउंट, मग दुर्बीण

३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर यांनी न्यूयॉर्कजवळच्या आपल्या वेधशाळेतून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचं छायाचित्र घेतलं. कोणत्याही तेजोमेघाचं ते पहिलं छायाचित्र. दुर्बीण ११ इंची, एक्स्पोजर ५१ मिनिटांचं. डोळा क्षणभराचाच प्रकाश धरतो, काचपट्टीवर मात्र तो साठत जातो. आकाशाच्या छायाचित्रणाचं सगळं शास्त्र त्या साठवणुकीत आहे. म्हणून नवख्यानं दुर्बिणीच्या आकाराआधी माउंट, म्हणजे दुर्बीण पेलणारा आणि फिरवणारा आधार, तिला आकाशाबरोबर किती नेमकी फिरवतो हे पाहावं.

हिशेबच मांडू. ६० मिलिमीटर व्यासाची, ३६० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा घेतला, तर एका पिक्सेलवर आकाशाच्या सुमारे २.१५ विकला येतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे मृगाच्या पट्ट्यातले तारे सेकंदाला १५ विकला सरकतात, म्हणजे सात पिक्सेल. नाभीय अंतर १००० मिलिमीटर केलं की हीच सरक वीस पिक्सेलच्या घरात जाते, आणि माउंटचा प्रत्येक हिसका त्याच पटीत मोठा होतो. लहान दुर्बीण चुका पोटात घालते, ते यामुळे. शिवाय तिचं क्षेत्र ऐसपैस असतं: एपीएस-सी सेन्सरवर सुमारे ३.७ बाय २.५ अंश. सुमारे तीन अंश लांबीची देवयानी दीर्घिका त्यात अख्खी मावते.

माउंट इक्वेटोरियल हवा. वर-खाली आणि आडवा फिरणारा माउंट तारा मध्यभागी ठेवतो खरा, पण भोवतीचं क्षेत्र हळूहळू गोल फिरत राहतं. इक्वेटोरियल माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि इथेच बहुतेकांची घाई होते. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे. अक्ष थेट त्याच्यावरच रोखला, तर तारे मिनिटाला दहा विकलांपर्यंत घसरतात. आपल्या हिशेबात चार-पाच पिक्सेल. पुण्याहून ध्रुवतारा क्षितिजावर जेमतेम साडेअठरा अंश दिसतो, तेव्हा उत्तरेला डोंगर किंवा इमारत नसलेली जागा आधी हेरून ठेवावी. या अक्षांशाचा फायदाही मोठा आहे: ड्रेपर यांना मृगाचा तेजोमेघ फार तर ४४ अंश उंचीवर मिळे, पुण्यात तो ६६ अंशांवर चढतो आणि हवेचा बराच पातळ थर भेदावा लागतो.

आता शटर ५१ मिनिटं सलग उघडं ठेवायची गरज नाही. मिनिटा-मिनिटाची छायाचित्रं घेऊन संगणकावर स्टॅक करता येतात, म्हणजे एकावर एक रचून एकत्र करता येतात. प्रकाश छायाचित्रांच्या संख्येच्या पटीत वाढतो, नॉइज तिच्या वर्गमुळाच्या पटीत. म्हणजे १६ छायाचित्रांनी चित्र चौपट स्वच्छ होतं. त्याच्याही दुप्पट हवं तर ६४ लागतात. शहरी उजेड स्वतःचा नॉइज घेऊन येतो, त्यामुळे अंधाऱ्या गावातला एक तास शहरातल्या कित्येक तासांना भारी पडतो. महागड्या भिंगापेक्षा एसटीच्या तिकिटावर केलेला खर्च मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

कॅमेऱ्याचे आणि दुर्बिणीचे दोष चित्रातून काढण्यासाठी डार्क (झाकण लावून घेतलेली) आणि फ्लॅट (एकसारख्या उजळलेल्या पृष्ठभागाची) छायाचित्रं त्याच रात्री घ्यावीत. फ्लॅट घेईपर्यंत कॅमेरा फिरवू नये, फोकसही हलवू नये.

मृगाच्या तेजोमेघापासूनच सुरुवात करावी. त्याचा गाभा इतका तेजस्वी आहे, की मिनिटभरात तो पांढराफटक होतो आणि आतले चार तारे बुडून जातात. त्यांच्यासाठी काही सेकंदांची वेगळी मालिका घ्यावी आणि ती लांब एक्स्पोजरच्या चित्रात मिसळावी.