गुणबळ

गुणबळ : माणसाच्या वागण्यात वारंवार दिसणारा, वापरताना त्याला हुरूप देणारा आणि समाजाला मोलाचा वाटणारा स्वभावगुण. चिकाटी, कुतूहल, दयाळूपणा, सावधपणा, विनोदबुद्धी ही त्याची उदाहरणे. जाळे विणणे हे कौशल्य. गुंता सुटेपर्यंत जागचे न उठणे हे गुणबळ.

वर्गीकरण : मनोविकारांच्या याद्या मानसशास्त्राकडे होत्या, चांगल्या स्वभावाची नव्हती. क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये ती यादी तयार केली. ज्ञान, धैर्य, माणुसकी, न्याय, संयम आणि उदात्तता या सहा सद्गुणांखाली त्यांनी २४ गुणबळे मांडली.

रोजच्या व्यवहारात : वसई किल्ल्याजवळचे पाचूबंदर हे कोळ्यांचे गाव. अशा गावांतून चालणारी वसईच्या किनाऱ्यावरची डोलीची, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याची, मासेमारी पाहिली की ही यादी कामाला जुंपलेली दिसते. समुद्रात खुंटांना बांधलेल्या डोलीचे तोंड भरती-ओहोटीच्या ओढीने उघडे राहते आणि पाणी थांबले की ती उचलावी लागते. ही वेळ हेरणे आणि वारा फिरला तर होडी माघारी वळवणे हे तांडेलाचे, म्हणजे होडीच्या प्रमुखाचे, काम. त्याला सावधपणा लागतो. खलाशांना एकोपा लागतो. मासळी विकणाऱ्या कोळणीला गिऱ्हाइकाचा चेहरा वाचता यावा लागतो; यादीत याचे नाव सामाजिक जाण. वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या मांडवावर, बोंबील वाळवताना चिकाटी, आणि ढग दिसताच ते उतरवताना पुन्हा सावधपणा.

वसईचेच धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्यात तीन गुण एकत्र दिसतात. पर्यावरण वाचवण्याच्या ‘हरित वसई’ चळवळीत त्यांनी धैर्य दाखवले. ‘सुबोध बायबल’ या मराठी अनुवादाचे काम विद्याप्रेमाचे आणि चिकाटीचे होते.

ओळख आणि वापर : गुणबळे शोधण्यासाठी प्रश्नावली असते; तीत वरच्या क्रमाने आलेल्या चार-पाचांना ठळक गुणबळे म्हणतात. त्यांपैकी एखादे आठवडाभर रोज नव्या रीतीने वापरायचे, हा सोपा सराव. सेलिग्मन व सहकाऱ्यांच्या २००५ मधील प्रयोगात तो करणाऱ्यांचे समाधान वाढले आणि खिन्नता कमी झाली. हा परिणाम सहा महिने टिकला. प्रश्नावलीशिवायचा मार्गही आहे. महाराष्ट्रात ठाण्याच्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेच्या ‘वेध’ परिषदांत निरनिराळ्या क्षेत्रांतल्या माणसांचे प्रवास मुलांसमोर उलगडले जातात. दुसऱ्याची वाट ऐकताना आपला गुण सापडतो, असा तो मार्ग.

मर्यादा : गुणाचा अतिरेक झाला की तो अंगाशी येतो. सावधपणा वाढला तर होडी किनाऱ्यालाच राहते, धैर्य वाढले तर वादळात सापडते. सहा गटांची विभागणी सगळ्याच पाहण्यांत जुळून आलेली नाही. शिवाय प्रश्नावली ज्याची त्यानेच भरायची असल्याने उत्तरांत स्वतःविषयीचे कौतुक किंवा संकोच मिसळतो. म्हणून बरोबर काम करणाऱ्यांचे मतही विचारात घेतात.