जुन्या नोटा आणि त्यांची हकीकत

नाणी जमविणारास धातूचा तरी आधार असतो. राज्य बुडाले, राजाचे नाव लोक विसरले, तरी चांदीला चांदीचा भाव मिळतोच. नोटेचे तसे नाही. नोट म्हणजे सरकारने दिलेले लेखी वचन. ते पुरे झाले की कागदाचे काम संपले. जी नोट आपले कर्तव्य चोख बजावून खजिन्यात परतली, ती रद्द होऊन नष्ट झाली. जी मागे राहिली, ती कोणाच्या तरी विस्मरणामुळे, भीतीमुळे अगर अपघातामुळे. आज लिलावात लाखांची बोली होते ती अशा चुकारपणे उरलेल्या कागदांवर.

आम्ही ज्या जे. पी. नगरात राहतो, त्याच्या कडेने बन्नेरघट्टा रस्ता जातो. म्हैसूर व सालबोनी येथे नोटा छापणाऱ्या भारतीय रिझर्व्ह बँक नोट मुद्रण कंपनीची मुख्य कचेरी याच रस्त्यावर आहे. जुन्या नोटा पाहावयाच्या तर मात्र ब्रंटन रस्ता गाठावा लागतो. तेथे रिझवान रझाक यांनी २०२० साली आपल्या संग्रहाचे वस्तुसंग्रहालय उघडले. बेंगळुरूत नाण्यानोटांचे लिलावही होतात. लिलावात नोट कोरी आहे की घडी पडलेली, क्रमांक कोणता, सही कोणाची, हे पाहून मोल ठरते. चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर; १९४३ ते १९४९ या काळातील त्यांच्या सहीच्या नोटांचा संग्राहक वेगळा वर्ग मानतात. शंभर रुपयांवरील नोटा जानेवारी १९४६ मध्ये रद्द झाल्या. लोकांनी त्या बदलून घेतल्या, आणि म्हणूनच त्या आता दुर्मिळ आहेत.

परंतु सही आणि घडी यांपलीकडे नोटेत वाचण्यासारखे पुष्कळ असते. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार बँकांकडून सरकारकडे गेला. त्यानंतरच्या नोटा एका बाजूसच छापीत, आणि देश चलनमंडळांत विभागलेला असे. कलकत्ता, मुंबई व मद्रास ही प्रमुख मंडळे. मुंबईशी संलग्न अशी नागपूर व अकोला येथेही ठाणी होती. वऱ्हाडच्या कापसाच्या व्यापारात केवढा पैसा खेळत होता, हे अकोल्याच्या नावावरूनच कळते. नोट ज्या मंडळाची, तेथेच ती हक्काने वटे. नागपूरची नोट घेऊन मद्रासेस गेलेल्या माणसास सराफाला बट्टा देण्यावाचून गत्यंतर नसे. बदलीच्या नोकरीतील आपणा सर्वांस या नोटेची व्यथा सहज समजेल! १९०३ ते १९११ या काळात पाच, दहा, पन्नास व शंभरांच्या नोटा टप्प्याटप्प्याने सर्वत्र वटू लागल्या, आणि मगच नोटेला देश एक झाला.

याहून जवळची साक्ष निजामाच्या नोटा देतात. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९१८ च्या कायद्याने हैदराबाद संस्थानाने उस्मानिया शिक्क्याच्या नोटा काढल्या. प्रथम दहाच्या व शंभराच्या, पुढच्या वर्षी एकाच्या व पाचाच्या, आणि १९२६ मध्ये हजाराच्या. या नोटांवर उर्दू व इंग्रजीबरोबर तेलुगू, कानडी आणि मराठीतही रक्कम लिहिलेली असे. राज्यकारभार उर्दूत चालला, तरी बाजारातल्या मराठी माणसाशी त्याच्या भाषेत बोलणे खजिन्यास भाग पडले. मराठवाड्यातील घराघरांत ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे दोन रुपये आणि त्यांचा सात-सहाचा हिशेब तोंडपाठ असे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, तरी हाली चलन १९५९ पर्यंत टिकले.

या नोटांपैकी काहींनी समुद्राचा तळही पाहिला. ‘ईजिप्त’ हे मुंबईस निघालेले जहाज २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यापाशी टक्कर होऊन बुडाले. सोन्याचांदीबरोबर त्यावर हैदराबादच्या नोटाही होत्या. इटालियन पाणबुड्यांनी १९३२ मध्ये सोने वर आणले, तेव्हा या नोटाही हाती लागल्या. डागाळलेल्या या कागदांस आज संग्राहक आवर्जून मागणी करतात. वास्तविक त्या नोटांनी कोणाचाही व्यवहार केला नाही. त्यांचे सारे मोल त्यांच्या हकीकतीत आहे.

आमचे सांगणे एवढेच आहे. आजोबांच्या पेटीत, पोथीच्या पानांत अशी नोट सापडली, तर ती विकण्यात गैर काही नाही. शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तू परवानगीवाचून परदेशी पाठविण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, तेवढे ध्यानात असावे. परंतु विकण्यापूर्वी ती कोणत्या गावी, कोणाकडे, कोणत्या कारणाने राहिली, हे लिहून ठेवावे व घेणारासही द्यावे. एकोणिसाव्या शतकात लोक टपालातील चोरीच्या भयाने नोटेचे दोन तुकडे करून निरनिराळ्या पाकिटांतून पाठवीत. दोन्ही पोहोचले म्हणजे नोट पुरी होई. हकीकतीवाचून लिलावात गेलेली नोट अशीच अर्धी असते. तिचा दुसरा तुकडा घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असतो, आणि तो त्यांच्याबरोबरच नाहीसा होतो.