मालट्रक चालकांची पूर्वतपासणी

नव्या चालकाच्या ताब्यात मालवाहू ट्रक देण्यापूर्वी गाडीमालक किंवा वाहतूक कंपनी त्याचे लायसन्स, प्रकृती, आधीची नोकरी, पोलिसांकडील नोंदी आणि गाडी चालवण्याचा पूर्वेतिहास पडताळून पाहते, ती प्रक्रिया. भारतात यांपैकी लायसन्स आणि प्रकृती एवढेच कायद्याने बांधलेले आहे. बाकीचे मालकाच्या सावधपणावर सोडलेले आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार वाहतूक संवर्गातील वाहन चालवण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याचे शिकाऊ लायसन्स मिळण्याआधी हलक्या वाहनाचे लायसन्स किमान वर्षभर हाती असावे लागते. अर्जासोबत डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या लायसन्सची मुदत ५ वर्षे आहे. ज्वालाग्राही किंवा घातक माल वाहणाऱ्यांसाठी ती ३ वर्षे असून त्यांना वेगळे प्रशिक्षणही सक्तीचे आहे. लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू देणाऱ्या मालकाला ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

मालकाला खरी धास्ती असते ती विम्याची. अपघातानंतर चालकाचे लायसन्स बनावट निघाले, तर विमा कंपनी जबाबदारी झटकू पाहते. सर्वोच्च न्यायालयाने स्वर्ण सिंग प्रकरणात २००४ मध्ये स्पष्ट केले की, लायसन्स खोटे होते एवढे दाखवून कंपनी सुटत नाही; मालकाने वाजवी काळजी घेतली नव्हती, हे तिने सिद्ध केले पाहिजे. त्याआधी २००३ च्या लेहरू प्रकरणातही न्यायालयाने मालकाची बाजू उचलून धरली होती. लायसन्स वरकरणी खरे दिसते आणि चालकाला गाडी नीट चालवता येते, एवढे मालकाने पाहिले तर पुरे. त्याने आरटीओत चौकशी करत बसावे, अशी अपेक्षा नाही, असा त्या निकालाचा आशय. २०२३ मध्येही न्यायालयाने हीच भूमिका घेतली. लायसन्स दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या कार्यालयाच्या रजिस्टरात शोधावे लागे, त्या काळात ही सवलत न्याय्यच होती. आता ‘सारथी’ या केंद्रीय प्रणालीत लायसन्सचा क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की ते चालू आहे का, कोणत्या संवर्गासाठी आहे आणि कधी संपते, हे मोबाइलवर दिसते. कायद्याने बांधील नसला, तरी एवढे न पाहता चावी देणारा मालक निष्काळजीच म्हणावा लागेल.

मात्र लायसन्स खरे आहे, यावरून चालक कसा आहे हे कळत नाही. त्याने किती वेळा वेगमर्यादा मोडली, दारू पिऊन गाडी चालवताना सापडला का, याआधी किती अपघात झाले, याचा एकत्रित उतारा नव्या मालकाला सहजी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये अतिवेग, सिग्नल तोडणे, जादा भार, मद्यपान, गाडी चालवताना मोबाइल वापरणे अशा गुन्ह्यांसाठी किमान तीन महिने लायसन्स निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले. २०१९ च्या दुरुस्तीत लायसन्सच्या राष्ट्रीय नोंदवहीचीही तरतूद झाली. तरीही एक मोठे भगदाड राहिले आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा कॅमेरा नंबर प्लेट टिपतो. चलन गाडीच्या नावावर, म्हणजे मालकाच्या माथी पडते आणि स्टिअरिंगवर कोण होता, हे बहुधा कुठेच नोंदले जात नाही. मालक दंड भरतो, फार तर पगारातून कापून घेतो. दुसऱ्या दिवशी नोकरी सोडलेला चालक कोरी पाटी घेऊन पुढच्या ट्रान्सपोर्टमध्ये रुजू होऊ शकतो. मोठ्या कंपन्यांच्या जीपीएस यंत्रणेत अचानक ब्रेक, अतिवेग, रात्रीचे तास सारे साठते; पण ती माहिती त्या कंपनीतच राहते.

ही उणीव आजही माणसे भरून काढतात. क्लीनर म्हणून गाडीवर चढायचे, उस्तादाच्या हाताखाली काही वर्षे काढायची आणि त्याच्या शब्दावर स्टिअरिंग मिळवायचे, ही जुनी वाट अजून पुरती मोडलेली नाही. जाणता मालक नव्या माणसाला भरल्या गाडीवर बसवून जुन्या चालकासोबत घाटातून पाठवतो. सरळ रस्त्यावर सगळेच चांगले चालवतात. कसारा किंवा खंडाळा उतरताना माणूस कळतो. चढताना ज्या गिअरची गरज पडली असती, त्याच खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत उतरणारा चालक ब्रेक राखून ठेवतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा सगळा भार ब्रेकवर टाकतो. ते तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर झालेल्या अनेक जीवघेण्या अपघातांमागे हेच कारण पोलिसांनी सांगितले आहे. ही सवय कोणत्याही कागदावर दिसत नाही. म्हणून पूर्वतपासणीतला सर्वांत मोलाचा भाग हीच फेरी होय.

पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र महाराष्ट्रात ऑनलाइन अर्ज करून मिळते. किमती माल वाहणाऱ्या कंपन्या ते मागतात, आणि माल परस्पर विकला जाण्याची भीती लक्षात घेता त्यात गैर नाही. पण त्यातली नोंद समजून वाचावी लागते. जीवघेणा अपघात झाला की चूक कोणाचीही असो, मोठ्या गाडीच्या चालकावर गुन्हा दाखल होण्याची शक्यता अधिक, आणि खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो. प्रलंबित गुन्हा म्हणजे सिद्ध झालेला दोष नव्हे. गुन्ह्याच्या याच धास्तीपोटी, अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) विरोधात जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी चाके थांबवली, तेव्हा मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनासे झाले. जुलै २०२४ मध्ये संहिता लागू झाली, ती हे उपकलम स्थगित ठेवूनच.

अमेरिकेत चालकाच्या पूर्वेतिहासाची तपासणी सक्तीची आहे. तिथे एकेक चालक अनेक राज्यांची लायसन्स बाळगून आपले गुन्हे त्यांत वाटून टाकत असे. १९८६ च्या कायद्याने एका व्यावसायिक चालकाला एकच लायसन्स ठेवता येईल असा दंडक घातला आणि राज्यांच्या नोंदी एकमेकींशी जोडल्या. कंपनीला नव्या चालकाची मागील तीन वर्षांची वाहन चालवण्याची नोंद मागवावी लागते आणि त्या काळातील मालकांकडे चौकशी करावी लागते. चालकाच्या संमतीने पाच वर्षांचे अपघात आणि तीन वर्षांच्या रस्त्यावरील तपासण्या पाहता येतात. अमली पदार्थ आणि मद्य चाचण्यांतील दोष ६ जानेवारी २०२० पासून एका केंद्रीय नोंदवहीत जातात. ती पाहिल्याशिवाय ट्रक देता येत नाही. याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे: आधीच्या मालकाने काय कळवले ते पाहण्याचा, चूक दुरुस्त करून मागण्याचा आणि आपले म्हणणे त्याला जोडण्याचा हक्क चालकाला आहे. भारतात जुना मालक नव्या मालकाला फोनवर जे सांगतो ते चालकाच्या कानावर येतेच असे नाही, आणि खोटे असले तरी ते खोडून काढायला त्याच्यापाशी कोणतेही दार नाही.